पाटीचा खड्डा

पाटीसाठी खड्डा मीच घेतला.
दोन फूट पुरे, म्हणाले आडकर साहेब,
पण वारा इथला लबाड,
पाटी उपटून पानशेतच्या पाण्यात नेऊन टाकील.
म्हणून मी अडीच घेतला.

सड्यावर माती म्हणजे नखभर, खाली सगळा कातळ.
पहार शिरेल अशी जागा एकच,
तळ्याच्या उगवत्या अंगाला,
आमच्या म्हशी बसून बसून मऊ झालेली.
आधी शेण निघालं, जुनं, भुगा झालेलं.
मग पिवळी माती, मग काळी.
मग राख.

मला वाटलं, आमच्याच कुणाची चूल.
ढेब्यांचं खोपटं इथंच होतं आज्याच्या वेळी,
अजून दोन मेढींची भोकं दिसतात.
पण राखेखाली दगड लागले, करंगळीच्या नखाएवढे,
दुधी, तांबूस, एक तर मधाच्या रंगाचा,
उन्हात धरला की पलीकडचं बोट दिसावं.
त्याला धार होती.
ते अंगठा कापल्यावर कळलं.

मग पुण्याहून सबनीस बाई आल्या,
चाळण्या, ब्रश, सुतळीचे गुंडे, निळी ताडपत्री घेऊन.
अकरा दिवस उकिडव्या बसल्या.
मी पाटी पाटी माती चाळली, त्या एकेक खडा पिशवीत घालत,
पिशवीवर आकडा.
किती जुनं, मी विचारलं.
चार हजार वर्षं, त्याहून जास्तही असेल,
आणि लगेच, कुणाला सांगू नका हं भागोजी,
कोळसा तपासून यायचाय अजून.

मधाचा दगड त्यांनी माझ्या हातात दिला.
धरून बघा, यानं कातडं खरवडायचे.
उजव्या हातात तो बसेना, टोचायला लागला.
डाव्यात घेतला
आणि अंगठा आपसूक एका खळगीत गेला,
जशी म्हैस आपल्या दाव्यापाशी जाते.
मीही डावखुरा.
लहानपणी आई जेवताना माझा डावा हात
पाठीमागं बांधून ठेवायची.
बाई हसल्या. एका दगडावरून असं सांगता येत नाही.
नसेल येत.

आई भाकरी घेऊन वर आली त्या दिवशी.
खड्ड्यात वाकून बघितलं, पदर सावरला.
त्यांच्याकडं म्हशी होत्या का?
हाडं मिळाली तर सांगू, आजी.
तळं असताना म्हशी नसतील व्हय?
बाई चाळण हलवत राहिल्या.
मग आईनं विचारलं,
त्यास्नी कुणी उठवलं हितनं?
चाळणीतून माती पडत होती, बराच वेळ, नुसती माती.

पाटी शेवटी चार हात पलीकडं उभी केली, सिमेंटात.
संरक्षित क्षेत्र.
गुरे चारणे, विस्तव करणे,
माती उकरणे, दगड उचलणे
यांस सक्त मनाई.
गुरांचं ठाऊक नाही, बाकी तिन्ही त्यानं केलं होतं.
मी चारही.
आता त्याच पाटीखाली बसायचे
मला रोजचे पैसे मिळतात.

रविवारी पोरं येतात पुण्याची, तंबू घेऊन.
त्यांना मी पाटी दाखवतो, ती पाटीबरोबर फोटो काढतात.
बाकी दिवस टिटवी, वारा, वाळलेले गेंद.
तळं मार्गशीर्षात कडेनं आटायला लागतं,
चिखलाला भेगा पडतात,
भेगांत कधी काही चमकतं. मी उचलत नाही.

काल मध्यरात्री चंद्री वर आली.
दावं तोडून, एकटी, अंधारात, निसरड्या वाटेनं.
पोटापर्यंत पाण्यात गेली आणि फुसकारली.
मी बॅटरी विझवली.
तिची आई याच पाण्यात बसायची, तिच्या आईची आई,
त्यापुढचं मला मोजता येत नाही.

सकाळी वही भरली.
गुरे: नाहीत.
विस्तव: नाही.
माणसे: या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसलो,
डाव्या हातातलं.
लिहिलं, एक. डावखुरा. नाव कळले नाही.
मग खोडलं.
साहेब शनिवारी सही करायला येतात.